कोंब फुटलेली सुपारी

पाथरीला माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी भिंतीत एक काचेचं कपाट आहे. त्यात कापसाच्या गादीवर अंगठ्याच्या पेराएवढ्या जपानी कोरीव जिनसा मांडलेल्या आहेत. उंदीर, कासव, जांभई देणारा बुवा, असं बरंच काही. नवा पाहुणा आला की विचारतो, "ह्या कुठून पैदा केल्या?" बहीण सांगते, "दादानं दिल्या. दर भाऊबीजेला एक." मग पाहुणा माझ्याकडे वळून म्हणतो, भाऊ असावा तर असा. मी मान खाली घालतो. लोकांना तो विनय वाटतो.

विनय नाही तो. पण आता आमचे वडील, आबा, नाहीत, बहिणीच्या सासरची आत्याबाईही नाही. त्यामुळे लिहायला हरकत नाही असं वाटतं. तोंडानं सांगणं मला कधी जमलं नाही. मी पहिल्यापासून अबोल. आमच्या घरात मी काही बोललो तर अंगणातलं कुत्रं मान वळवून बघायचं.

निजामाच्या राज्यात मी परभणीला एका जिनिंग कारखान्यात नोकरीला होतो. काम फार डोक्याचं नव्हतं. गाड्यांतला कापूस आवारात ओतला की ढिगात खांद्यापर्यंत हात घालायचा, मधला नमुना ओढून काढायचा आणि खरेदीदारापुढे धरायचा. हंगामात मुंबईहून खरेदीदार यायचे. त्यांच्यात एक जपानी साहेब होता. बुटका, सुटातला, टोपी कधी न काढणारा. तो डोळे मिटून दोन्ही हातांच्या चिमटीत रुई ओढायचा, धागा किती लांब निघतो ते बोटांनीच पारखायचा. त्याला वेळ लागायचा. गाडीवान आपसात कुजबुजायचे, "साहेब निजलं का रं?"

एकदा दुपारी तो कापसाच्या गाठीवर बसून आपला डबा उघडत होता. सिगारेटचा चपटा पत्र्याचा डबा. आत कापूस, आणि कापसात उंदीर.

कारखान्यात उंदीर म्हणजे आमची नोकरीच गेली. मी पायातली वहाण काढली आणि हात उगारला. साहेबानं दोन्ही तळहातांनी डबा झाकला आणि एवढ्या जोरात किंचाळला की जिनिंगचा पट्टा थांबवावा लागला. मग त्यानं हळूच एक बोट बाजूला केलं. उंदीर हस्तिदंताचा होता. स्वतःचीच शेपटी दोन्ही पायांत धरून बसलेला. मिशा इतक्या बारीक की श्वास रोखून बघाव्या लागत.

"नेत्स्के," साहेब म्हणाला.

मला ऐकू आलं, नेटके. मी म्हणालो, "हो हो. नेटकं हाय."

"नेत्स्के," त्यानं पुन्हा सांगितलं.

"लय नेटकं," मी म्हणालो.

तो खूश झाला, मीही झालो. आमचं दोघांचं एकमत झालं असं दोघांनाही वाटलं, आणि ती जिन्नस माझ्या तोंडी कायमची नेटकं झाली.

पुढे मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत त्यानं मला समजावलं. त्यांच्याकडच्या जुन्या अंगरख्याला खिसा नसायचा. आपण चंची कंबरेला खोचतो तशी ते तंबाखूची थैली दोरीनं पट्ट्याला अडकवत, आणि दोरी निसटू नये म्हणून वरच्या टोकाला हे बटण. म्हणून प्रत्येकाच्या पोटाशी नाही तर पाठीशी दोन भोकं. जुनं कोणतं आणि बाजारात नवं केलेलं कोणतं, हे त्या भोकांवरून ओळखायचं. जुन्याच्या भोकाची कड दोरीनं घासून मऊ झालेली असते. त्यानं माझा अंगठा धरून त्या कडेवरून फिरवला. माझा अंगठा त्या दिवशी बिघडला, तो आजतागायत बिघडलेला आहे.

ही नेटकी मला मिळाली कशी, तर आईच्या लोणच्यानं. तिला आम्ही माई म्हणायचो. साहेबानं एकदा माझ्या शिदोरीतली आंब्याची फोड तोंडात टाकली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, कान लाल. आम्ही डॉक्टरला बोलवायच्या बेतात होतो. दुसऱ्या दिवशी तो माझ्या शिदोरीपाशी येऊन उभा राहिला आणि दोन बोटं दाखवली. दोन फोडी. हंगाम सरता सरता माईच्या बरणीचा तळ दिसू लागला आणि माझ्याकडे उंदीर, कासव आणि पाठ खाजवणारी माकडीण जमा झाली.

"मांजर लोणचं खातं का गं?" माई शेजारणीला विचारायची.

कारखान्याच्या कामानं हैदराबादला गेलो की जुन्या सामानाच्या बाजारात हिंडायचो. तिथं नवाबांच्या घरातून निघालेल्या मोडक्या खुर्च्यांच्या ढिगात मला जांभई देणारा बुवा मिळाला. आणखी एक जिन्नस मिळाली, ती मला दोन वर्षं कळली नाही. मी तिला आल्याचा गड्डा समजत होतो. गड्ड्याला डोळे का, हा प्रश्न मला पडायचा. साहेबाला दाखवला तर तो "समंदर, समंदर!" म्हणत आठ दिशांना हात वळवळवू लागला. मला वाटलं याला फेफरं आलं. परभणीच्या माणसानं समुद्र पाहिलेला नसतो, त्यातला आठ पायांचा प्राणी कुठून ओळखणार? मी अजून त्याला आलंच म्हणतो.

आणि त्या हंगामाच्या शेवटी साहेबानं मला जे दिलं, ते लाकडाचं होतं. त्यांच्याकडच्या डोंगरातलं कसलंसं फळ. रंग, गोलाई, एका अंगाचा चपटेपणा, सगळं थेट आपल्या सुपारीसारखं. एका बाजूला बारीकसं छिद्र. साहेबानं ते जरा कलतं केलं आणि त्या छिद्रातून एका पांढऱ्या किड्यानं डोकं बाहेर काढलं. उलटं कललं की आत. किडा हस्तिदंताचा, आतल्या आत सुटा. मी पुन्हा वहाणेकडे हात नेला तेव्हा साहेब पोट धरून हसला.

त्या किड्यावर माझा जीव जडला. दुसऱ्या कशाबद्दल मी असं लिहिणार नाही.

घरात मात्र हे चालणारं नव्हतं. आबा शेतकरी माणूस, सोवळं-ओवळं फार नाही, पण घरात हाडूक नको हा त्यांचा कायदा. कासव त्यांना सापडलं.

"हे काय?"

"हत्तीचा दात हाय, आबा."

"हत्ती मेला तवाच निघाला न्हवं?"

"हो."

"मग हाडूकच की! नोकरी करायलायस का म्हसणवाटा गोळा करायलायस?"

तेव्हापासून मी नेटकी विखरून लपवू लागलो. उंदीर ज्वारीच्या कणगीत, बुवा माळ्यावरच्या पोथीच्या फडक्यात, आलं आल्याच्या टोपलीत. आणि ते लाकडी फळ, माझ्या हुशारीची मलाच त्या वेळी कमाल वाटली, ते सुपारीच्या डब्यात.

आता बहिणीकडे येतो. त्या वर्षी तिला पाथरीचं एक स्थळ चालून आलं होतं. मुलगा तिनं परभणीच्या उरुसात आधीच पाहिला होता. आकाशपाळण्यातून उतरताना तो चक्कर येऊन फुग्यांच्या टोपलीत बसला आणि उठायच्या ऐवजी तिथंच हसत राहिला. बहीण घरी येऊन मला एवढंच म्हणाली, "दादा, ते फुग्यावाले चांगले हायेत." तिच्या तोंडून कुणाला चांगलं म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. तिला दुसरीकडे जायचं नव्हतं, हे माईला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. आबांना ठाऊक करून द्यायची पद्धत नव्हती.

आमच्याकडे लग्न नुसतं तोंडानं ठरत नाही. दोन्हीकडच्या चार माणसांदेखत सुपारी फोडतात. फुटली की बोलणी पक्की, मग मागं फिरणं नाही. पाथरीहून बैलांच्या दमणीतून मंडळी आली. मुलाची आत्याबाई म्हणजे त्या घरचं हायकोर्ट. तिनं आल्या आल्या आमच्या रांजणातलं पाणी, गोठ्यातलं शेण आणि माईच्या नाकातली नथ तपासली. सोबत मुलाचे मामा. पैलवान गडी. मांडी घालून बसले तरी दोन माणसांची जागा व्यापत. मी बाहेर जाजम अंथरत होतो. माईनं डबा उघडला, त्यातली सगळ्यांत टपोरी, सगळ्यांत गुळगुळीत सुपारी निवडली आणि तबकात ठेवली.

हळद-कुंकू वाहून झालं. सुपारी पाट्यावर ठेवली, मामांनी वरवंटा उचलला.

"एका घावात फोडतो. आमच्याकडं दुसरा घाव लागत न्हाई."

टण्णकन आवाज आला आणि सुपारी उडून आबांच्या मांडीवर पडली. सगळे हसले. "सुपारी सासऱ्याकडं पळायली," कुणीतरी म्हणालं. दुसरा घाव. सुपारी भिंतीला लागून शिऱ्याच्या पातेल्यात. माईनं पळीनं काढली, पदराला पुसली, परत ठेवली. मामांच्या कपाळाला घाम आला. आता त्यांनी सुपारी पायाच्या अंगठ्यानं दाबून धरली आणि वरवंटा डोक्याच्या वर नेला. तेवढ्यात मला ते बारीक छिद्र दिसलं.

इथं मला एक गोष्ट लिहायचीच आहे. त्या क्षणी मी "थांबा" म्हणायला हवं होतं. माझी नजर त्या फळावर होती, आणि मनात एवढंच, की किडा मोडेल. बहीण आतल्या पडद्याआड उभी होती. तिचं काय मोडेल, हे माझ्या मनात आलंच नाही.

घाव बसला. मामांनी अंगठा धरला आणि एका पायावर नाचू लागले. सुपारीला नुसता एक पोचा.

हसणं थांबलं. आत्याबाईनं पदर सावरला. "तीन डाव झालं. फुटंना म्हंजी देवाच्या मनात न्हाई. चला, बैलं जुंपा."

पडद्यामागं बांगड्या वाजल्या आणि लगेच थांबल्या. त्या थांबण्यानं मला बोलतं केलं.

"आत्याबाई, ती अखंड सुपारी हाय."

अंगणात कुत्रं उठून उभं राहिलं.

"हैदराबादेत मोठ्या घरी हीच आणत्यात," मी बोलत गेलो. "फुटली न्हाई म्हंजी सौभाग्य अखंड. फुटली असती तर वाईट."

आबा माझ्याकडे बघत राहिले. इतकी वाक्यं त्यांनी माझ्या तोंडून एकदम कधी ऐकली नव्हती.

"मग मगाच का बोलला न्हाईस?" मामा अंगठा चोळत ओरडले.

"फुटती का ते बघत होतो."

आत्याबाईनं सुपारी तळहातावर घेतली, उजेडाकडे धरली, जराशी कलती केली. किड्यानं डोकं बाहेर काढलं.

"अगं बाई! किडकी!"

माणसं मागं सरकली. माईचा चेहरा पांढरा पडला. मी तोंड उघडलं, पण माझ्यात होते तेवढे शब्द संपले होते. तेवढ्यात पडद्यामागून खणखणीत आवाज आला.

"किडा न्हाई, कोंब हाय त्यो!"

नवरी मुलगी स्वतःच्या सुपारीच्या बैठकीत बोलली. असं कुठं होत नाही. माई घाईघाईनं म्हणाली, "शेजारीण हाय ती. लय बोलती." शेजारीण तेव्हा जिंतूरला तेराव्याला गेली होती.

आत्याबाईनं सुपारी एकीकडे कलती केली, कोंब बाहेर. दुसरीकडे केली, कोंब आत. तिनं ते चारपाच वेळा केलं. मग तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी मऊ आलं.

"लाजरा हाय," ती म्हणाली. "अखंड बी हाय आन् कोंबाची बी हाय. वंश वाढणार." तिनं सुपारी डोळ्यांना लावली आणि स्वतःच्या बटव्यात टाकली. मामांना पुन्हा एक घाव घालून बघायचा होता. ती त्यांच्यावर खेकसली, "कोंबाला लागंल!"

लग्न लागलं. फुग्यावाले मांडवात अंतरपाट धरलेला असतानाच हसू लागले, कशाला ते कुणाला कळलं नाही. बहीण पाथरीला गेली, आणि माझं सगळ्यांत प्यारं नेटकंही तिच्याबरोबर गेलं, आत्याबाईच्या देवघरात.

पुढच्या हंगामात साहेबानं पहिलीच चौकशी त्या फळाची केली. मी खुणांनी सांगितलं. पाट, देव, घंटा, रोज अंघोळ, दुधाची धार. "पानी?" साहेबानं डोकं धरलं. "दूध?" लाकूड पाण्यात फुगतं, किडा अडकेल, मग कधी हलणार नाही, असं त्यानं मला दोन बोटं एकमेकांत रुतवून दाखवलं.

मी स्वतःला सांगितलं, ते वाचवायला पाहिजे. हे निमित्त होतं. मला ते हवं होतं, बाकी काही नाही. पहिल्या भाऊबीजेला पाथरीला जाताना मी खिशात एक खरी सुपारी नेली, रंग-आकार मिळवून, बाजारात निवडून निवडून. वाण्यानं विचारलंही, "कुणाच्या लग्नाची हाय का?" सगळी दुपारची लवंडली तेव्हा मी देवघरात गेलो आणि अदलाबदल केली.  अंगठ्याला ती ओळखीची कड लागली तेव्हा बरंच वाटलं.

एक गोष्ट मात्र मी विसरलो होतो. भाऊ ओवाळायच्या तबकात सुपारी लागते.

संध्याकाळी बहिणीनं मला पाटावर बसवलं. तबकात निरांजन, अंगठी आणि मुद्दाम देवघरातून आणलेली अखंड सुपारी. ती सुपारी तिनं माझ्याभोवती ओवाळली आणि मध्येच हात थांबला. तिनं ती एका अंगाला कलती केली, मग दुसऱ्या अंगाला. काही बाहेर आलं नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. खरी सुपारी, म्हणजे खोटी, तिच्या हातात होती. खोटी, म्हणजे खरी, माझ्या कोटाच्या खिशात होती. कुंकवाचं बोट तिनं माझ्या कपाळावर असं टेकवलं की मान मागं गेली. पण बोलली नाही. आत्याबाई शेजारीच बसली होती.

कोंब लाजून आतच बसलाय, असं आत्याबाई महिनोन्महिने म्हणत राहिली. मग पावसाळा आला. खऱ्या सुपारीला श्रावणात जे व्हायचं ते झालं. तिला खरा किडा लागला. देवघरात भुसा पडला. एवढं होऊन बहिणीची कूस अजून उजवली नव्हती, आणि आत्याबाईनं दोन्हींचा संबंध जोडला. एके दिवशी आमच्या दारात दमणी थांबली. बहीण उतरली, मागून आत्याबाई, हातात फडक्यात बांधलेली ती भुसा झालेली सुपारी.

"कोंब जळाला," तिनं आबांना सांगितलं. "तुमची सुपारी, तुमीच बघा. पुन्यांदा कोंब फुटला की पोरीला आणून सोडा."

"आन् फुटलाच न्हाई तर?" माईनं विचारलं.

आत्याबाई दमणीत चढून बसली. फुग्यावाले बैलांपाशी उभे होते. त्यांनी मला बाजूला घेतलं. त्या दिवशी ते हसत नव्हते. "दादा, हैदराबादेत कोंबाची सुपारी लवकर मिळंल का वो? थोडी लवकर?"

मी म्हणालो, "बघतो." ती माझ्या कंबरेला होती.

आबांनी एक फुटका माठ घेतला, त्यात काळी माती, शेणखत भरलं आणि ती सुपारी पेरली. माई म्हणाली, अहो, वाळकी सुपारी कुठं उगवत असती का? आबा म्हणाले, "बी-बियाणं मला शिकवू नगंस." बहिणीनं रोज सकाळी पाणी घालायचं, आबांनी संध्याकाळी. गल्लीतल्या बाया काहीबाही कारण काढून यायच्या आणि माठात डोकावून जायच्या. कुणी म्हणायचं सावलीत ठेवा, कुणी म्हणायचं उन्हात. जेवताना कुणी बोलत नसे, आणि त्या घरात अबोल मी एकटाच होतो, बाकीच्यांना ते शोभत नव्हतं.

मी तेव्हाही बोललो नाही. आबांची भीती होतीच. पण खरं लिहायचं तर कारण तेवढंच नव्हतं. रोज कारखान्यात जाताना मी ते फळ अंगठ्यानं चोळायचो आणि म्हणायचो, आज नको, आणखी एक दिवस माझ्याजवळ राहू दे. सख्खी बहीण वाळक्या सुपारीला पाणी घालत होती, आणि मी किड्याला आतबाहेर करत होतो.

एका सकाळी तिनं पाणी घातलं नाही. माठाकडे पाठ करून उंबऱ्यावर बसून राहिली. आबा तांब्या घेऊन आले, म्हणाले, "पाणी कमी पडलं असंल, पोरी."

"पाण्याचं काई न्हाई, आबा," ती म्हणाली. "त्यात बीच न्हाई." हे तिनं माझ्याकडे बघून म्हटलं. तिचे डोळे भरले होते, आणि ते तिनं पुसले नाहीत.

त्या दुपारी माई आणि बहीण पडल्या होत्या, आबा चौकात गेले होते. मी माती उकरली, तो भुसा काढून टाकला आणि माझं नेटकं चिखलात रोवलं, छिद्र वर, किडा बाहेर. बोटं काळी झाली. मी रडलो असं लिहिलं तर बरं दिसेल. मी रडलो खरा, पण लाकूड भिजलं म्हणून.

संध्याकाळी आबांची आरोळी गल्लीच्या टोकापर्यंत गेली. "फुटला! फुटला रं! कोंब फुटला!" बाया धावल्या. माईनं साखर वाटली. आबा ज्याला त्याला माठ दाखवत होते. "पाथरीकरांच्या देवघरात मेली आन् माझ्या हातात उगवली. हात लागतो शेतकऱ्याचा!" त्यांनी हे मरेपर्यंत सांगितलं. म्हणून आबांच्या हयातीत मला बोलता आलं नाही, असं मी म्हणतो.

बहिणीनं मातीतून ती काढली, पदराला पुसली आणि मामांच्या घावाचा पोचा बोटानं चाचपला.

"दादा," ती हळूच म्हणाली, "मातीत पोचा बी उगवला की."

पाथरीला आत्याबाईनं सुपारी कलती केली. कोंब आत गेला नाही. लाकूड फुगून किडा अडकला होता, साहेबानं सांगितलं होतं तस्साच, आणि तो आजतागायत तसाच अडकलेला आहे. तिनं पुष्कळ वेळा उलटीसुलटी केली. मग ती म्हणाली, "आता लाजत न्हाई. संसारी झाला." पुढच्या सालात बहिणीला मुलगी झाली. आत्याबाईनं तिचं लाडाचं नाव कोंबी ठेवलं. नाव ती पोर अजून चुकवत हिंडते.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला बहिणीनं मला ओवाळलं. तबकात ती सुपारी, कोंब माझ्याकडे तोंड करून. मी ओवाळणी टाकायला खिशात हात घातला.

"पैका नगं," ती म्हणाली. "नेटकं टाक."

"कंचं?"

"उंदीर. कणगीत हाय न्हवं? मी लगनाच्या आधीपासून बघतीय."

मी उंदीर टाकला. पुढच्या वर्षी तिनं कासव मागितलं, मग माकडीण. लढाई पेटली, जपानी साहेब यायचा बंद झाला. भर पडायची थांबली, गळती चालू राहिली. दर वर्षी मला वाटायचं, आज ती विचारेल, आणि मी सांगेन. ती विचारायची नाही. नुसती ओवाळायची आणि कुठलं हवं ते सांगायची, आणि मी गुमान टाकायचो. आत्याबाई दर वेळी म्हणायची, "भाऊ लय मायाळू हाय गं तुजा." बुवा गेला, साहेबानं मागून दिलेली आणखी दोनतीन गेली. शेवटी आलं गेलं.

मग निजामाचं राज्य गेलं. त्या दिवाळीला कचेरीवरचा झेंडा बदललेला होता, बहिणीचा कायदा बदलला नव्हता. मी पाटावर बसलो. तिनं ओवाळलं, तबक पुढे केलं. माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं.

"आता काय टाकू?" मी विचारलं.

"आता तोंड उघड."

घरात दुसरं कुणी नव्हतं. निरांजन तेवत होतं, किडा माझ्याकडे बघत होता.  शेवटी मी म्हणालो, "मी घेतली होती. देवघरातून. तुला पाणी घालताना बघत होतो, तरी दिली न्हाई."

तिनं तबक खाली ठेवलं. मला वाटलं रडेल. पण तिला जे हसू फुटलं ते थेट फुग्यावाल्यांचं हसू होतं, इतक्या वर्षांत लागलेलं.

"एवढंच ऐकायचं होतं, दादा. पयल्याच सालाला म्हणला असतास तर उंदराच्या पुढं एक बी मागितलं नसतं."

आता पाथरीला गेलो की ती कपाट उघडून देते. हस्तिदंताला, लाकडाला माणसाचा हात लागलेला बरा, हे तिलाही आता माहीत आहे. मी खिडकीपाशी बसतो, एकेक घेऊन भोकांच्या कडेवरून अंगठा फिरवतो. आलं मी जरा जास्त वेळ धरतो. निघायच्या वेळी ती कपाट लावते, आणि लावण्याआधी, माझ्यासमोर, मोजून घेते.